डोंगरी सायकल शर्यत : स्वतःच स्वतःचे वस्ताद व्हा!

आपल्या चांदूर रेल्वेच्या एका एकोणीस वर्षांच्या वाचकाने पत्रातून विचारले आहे : 'मला डोंगरी सायकलच्या शर्यतीत उतरायचे आहे. गावात शिकवणारा कोणी नाही. तीन महिने रोज दोन तास जीव तोडून सायकल चालवतो. पहिल्या महिन्यात वेग वाढला, आता उलट कमी होत चालला आहे. रात्री झोप लागत नाही, भूकही कमी झाली. सराव आणखी वाढवू का?'

माझे उत्तर सरळ आहे : वाढवू नका. आठ दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवा, पोटभर जेवा, झोपा आणि एकदा रक्त तपासून घ्या. असे का, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. कारण हल्ली गिअरची सायकल घेऊन पहाटे बाहेर पडणारी बरीच मुले माझ्या दवाखान्यात हीच तक्रार घेऊन येतात.

ही शर्यत असते तरी कशी?

डोंगरी सायकलचा खेळ १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. खडकाळ, चढ-उताराच्या चार ते सहा किलोमीटरच्या वाटेवर अनेक फेऱ्या मारायच्या असतात. वरच्या दर्जाची शर्यत साधारण सव्वा ते दीड तास चालते. त्या सबंध वेळात हृदय आपल्या कमाल गतीच्या जवळपास धडधडत असते. म्हणजे दीड तास टिकण्याचा दम हवा, चढावर उसळण्याची ताकद हवी आणि उतारावर डोके थंड हवे.

आपण सपाट मुलखातले, उन्हातले. आपल्याला हे कसे जमणार, असे मनात आणू नका. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करण्याची सायकल शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याआधी २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती जोडीने पूर्ण केली होती. ती शर्यत डांबरी रस्त्यावरची खरी, पण दम कमावण्याचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

वस्ताद काय करतो?

आपल्या जिल्ह्याला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि १९३६ साली त्याचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. आखाड्यातला वस्ताद पोरांना घाम गाळायला लावतो, हे सगळ्यांना दिसते. पण तोच वस्ताद एखाद्याचा चेहरा पाहून 'आज बस, घरी जा' असेही म्हणतो. एकट्याने सराव करणाऱ्याला थांबवणारे कोणी नसते. म्हणून त्याने पहिल्यांदा थांबायला शिकावे.

व्यायामाच्या वेळी शरीर बळकट होत नाही, ते थकते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर संपते, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. नंतर खाणे आणि झोप मिळाली की शरीर ही झीज भरून काढते आणि पुढच्या वेळेसाठी थोडी जास्त तयारी करून ठेवते. रक्ताचे प्रमाण वाढते, स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागते. भरपाईच्या आधीच दुसरा घाव घातला तर शिल्लक घटतच जाते. पत्रलेखकाचे नेमके हेच झाले असावे.

सकाळची नाडी

यावर बिनखर्चाचा पहारेकरी म्हणजे आपली नाडी. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि वहीत लिहा. दोन आठवड्यांत आपली सरासरी कळते. सराव अंगी लागत असेल तर ती महिन्यागणिक हळूहळू उतरते. चांगल्या खेळाडूंची नाडी ५० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. एखाद्या सकाळी ती सरासरीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त आली, तर त्या दिवशी जोर लावू नका. सलग तीन दिवस तसेच दिसले तर पूर्ण विश्रांती घ्या. अनेकदा त्यामागे दबा धरून बसलेला तापही असतो. तापात सायकल चालवणे हृदयाला घातक ठरू शकते.

हळू चालवा, मग जोरात चालवा

जगातील अव्वल दमदार खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणाऱ्यांना, विशेषतः नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांना, असे आढळले की हे खेळाडू आपल्या सरावाच्या पाच भागांपैकी सुमारे चार भाग अगदी सोप्या गतीने करतात. फक्त एक भाग खरोखर कठीण असतो. एकट्याने शिकणारा मात्र रोज मधल्याच गतीने चालवतो. ती गती दम कमावण्यासाठी जास्त आणि ताकद कमावण्यासाठी कमी पडते.

सोपी गती म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील अशी. कठीण गती म्हणजे दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येणार नाही अशी. कठीण सरावाचा खात्रीचा प्रकार सांगतो : चार मिनिटे जोरात, तीन मिनिटे सावकाश, असे चार वेळा. आधी पंधरा मिनिटे अंग गरम करा. जवळ चढ नसेल तर समोरून येणारा वारा चढाचेच काम करतो.

आठवड्याची आखणी अशी असावी :

सोमवार – पूर्ण विश्रांती.
मंगळवार – चार मिनिटांचे चार चढ.
बुधवार – एक तास सावकाश.
गुरुवार – कच्च्या पांदणीवर पाऊण तास कौशल्याचा सराव.
शुक्रवार – विश्रांती.
शनिवार – पुन्हा कठीण सराव, पण मंगळवारपेक्षा थोडा कमी.
रविवार – अडीच ते तीन तास सावकाश.

दर चौथ्या आठवड्यात हे सारे निम्म्यावर आणा. शर्यतीच्या आठवड्यातही तेच करा. शेवटच्या चार दिवसांत कमावलेली ताकद कामी येत नाही, साठलेला थकवा मात्र नडतो.

गुरुवारी उतारावर पेडल समपातळीत ठेवून उभे राहणे, वळणाआधीच ब्रेक लावणे आणि चाकाकडे न पाहता दहा-पंधरा हात पुढे पाहणे, हे घोटावे. पोहरा, चिरोडी, मालखेडकडचे रान सरावाला मोहात पाडते. पण ते राखीव जंगल आहे आणि तिथे बिबट्याचा वावर आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय आत शिरू नये. बाहेरच्या रस्त्यावरही पुरते उजाडल्यावर आणि जोडीनेच जावे. हेल्मेट नेहमी हवे. बाभळीच्या काट्यांसाठी जादा ट्यूब व पंप जवळ असावा. पडून खरचटल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लशीचे विचारावे.

खोगीर, गुडघा आणि ऊन

गुडघेदुखीचे एक नेहमीचे कारण म्हणजे खालावलेली सीट. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली असता पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ८० ते ९० फेरे मारणे गुडघ्याला मानवते.

वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. साडेसातच्या आत घरी परतावे. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून सुरुवात थोडक्याने करावी. सरावाआधी व नंतर वजन करा. जितके किलो घटले, साधारण तितके लिटर पाणी कमी पडले. साठ किलोच्या मुलाचे सव्वा किलो घटले की ताकद घसरू लागते. नुसते साधे पाणी ढोसणेही बरे नाही, कारण त्याने रक्तातले मीठ उतरते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळून न्यावे. डोके दुखणे, ओकारी, अडखळणे, असंबद्ध बोलणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तडक दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नका.

खाणे आणि रक्त

महागड्या डब्यांतील पावडरींची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, उसळ, दूध, अंडी आणि भुईमुगाचे दाणे यांत बहुतेक सारे मिळते. दीड तासापेक्षा जास्त चालवायचे असेल तर दर तासाला दोन केळी किंवा गुळाचे तीन-चार खडे खावेत. परतल्यावर अर्ध्या तासात जेवावे. झोप आठ तास हवी.

दम लागत असेल तर हिमोग्लोबिन जरूर तपासा. पुरुषांत ते १३ च्या खाली आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर तो पंडुरोग समजावा. तो असताना सराव वाढवणे म्हणजे रिकाम्या टाकीवर गाडी पळवणे. मुलींची पाळी तीन महिने थांबली तर 'व्यायामाने होते असे' म्हणून आईने गप्प बसू नये. ते बहुधा अपुऱ्या खाण्याचे लक्षण असते आणि त्याने हाडे ठिसूळ होतात.

जोर लावताना छातीत दुखणे, भोवळ येणे, ठोके चुकणे किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काही असल्यास तपासणी आणि कार्डिओग्राम झाल्याशिवाय शर्यतीत उतरू नये.

बाकीच्यांनी बिनधास्त सायकल काढावी. फक्त वही उशाशी ठेवावी, रोज नाडी लिहावी आणि आकडा 'आज नको' म्हणाला तर वस्तादाचा शब्द समजून तो पाळावा.