डिजिटल आरोग्यसाक्षरता : मोजमापाचा प्रश्न

तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. राजांच्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य या दोन्ही वैद्यकपद्धतींचा अभ्यास चाले. राजघराणे मराठी असले, तरी तेथील औषधयोग ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यात आले. भाषा प्रजेची होती आणि पद्य पाठ करणे सोपे होते.

आज हीच माहिती मोबाईलवरून येते. ती शोधणे, समजणे, तिची विश्वसनीयता पारखणे आणि स्वतःच्या आरोग्यासाठी तिचा वापर करणे, या क्षमतेस ‘डिजिटल आरोग्यसाक्षरता’ म्हणतात. तिच्या मापनासाठी कॅनडातील नॉर्मन व स्किनर यांनी 2006 मध्ये ‘ई-हील्स’ ही आठ विधानांची श्रेणी तयार केली. प्रत्येक विधानास 1 ते 5 गुण असतात. म्हणजे एकूण गुण 8 ते 40 होतात. कोरियन भाषेसह अनेक भाषांत तिची रूपांतरे झाली आहेत.

या श्रेणीची मर्यादा परीक्षार्थींनी नीट ध्यानात घ्यावी. ‘मला माहिती शोधता येते’ असे उत्तरदाता स्वतःच सांगतो; त्यामुळे मोजला जातो तो आत्मविश्वास, प्रत्यक्ष कौशल्य नव्हे. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्यालाही भरघोस गुण मिळू शकतात! म्हणूनच नेदरलँड्समध्ये 2017 साली मांडलेल्या साधनात स्वयंमूल्यांकनाच्या 21 प्रश्नांना प्रत्यक्ष कृतीच्या 7 प्रश्नांची जोड देण्यात आली.

दक्षिण कोरियात इंटरनेट जवळजवळ घरोघरी पोहोचले आहे. साहजिकच तेथे मुख्य प्रश्न कौशल्याचा, विशेषतः वृद्धांच्या कौशल्याचा आहे. भारतात त्याआधीच दोन अडसर येतात. पहिला भाषेचा. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाच्या लसीकरणासाठी ‘को-विन’वर नोंदणी अनिवार्य झाली, तेव्हा हे संकेतस्थळ इंग्रजीत होते. जून 2021 मध्ये प्रादेशिक भाषा आल्या. पण पहिल्या यादीत मराठी होती, तमिळ नव्हती. आक्षेपानंतर ती समाविष्ट करण्यात आली. या काळात लस न मिळालेल्या तंजावरच्या तमिळभाषकाला ‘निरक्षर’ ठरविणे न्याय्य झाले नसते.

दुसरा अडसर उपकरणाच्या मालकीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया सुमारे 33 टक्के, तर पुरुष सुमारे 57 टक्के होते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एखादी शेतमजूर स्त्री मुलाच्या मोबाईलवरून ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांचा सल्ला घेते, क्रमांक मुलगा टाकतो, लक्षणे ती सांगते, औषधाची मात्रा दोघे मिळून समजून घेतात. व्यक्तिगत श्रेणीत तिला अल्प गुण पडतील. येथे मोजमापाचे एकक व्यक्तीऐवजी कुटुंब धरावे लागते, आणि प्रचलित श्रेणींत तशी सोय नाही.