फेरफाराला नोटीस लागते, मग फोनला का नाही?

सातबाऱ्यावर कुणाचे नाव चढवायचे म्हटले तर चावडीवर नोटीस लावावी लागते. हितसंबंधितांना कळवावे लागते, हरकतीला मुदत द्यावी लागते आणि मगच मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. गुंठाभर जमिनीसाठी कायद्याने एवढा बंदोबस्त केला आहे. पण तुमचे फोनवरचे बोलणे ऐकायचे सरकारने ठरवले, तर कसलीच नोटीस येत नाही. न्यायाधीशाचे वॉरंटही लागत नाही. गृह खात्याच्या सचिवाची लेखी आदेशावर सही झाली की काम भागते.

‘आपण साधी माणसं, आपला फोन कोण कशाला ऐकतंय?’ असे पारावर कुणीही म्हणेल. पण फोनला दोन टोके असतात. गावोगावची पोरे आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीत कामाला आहेत. आपला भाजीपाला आणि दूध तिकडेच जाते. मुलुंडच्या एखाद्या व्यापाऱ्याचा फोन सरकार ऐकत असेल, तर त्याच्याशी भावताव करणाऱ्या शेतकऱ्याचे बोलणेही त्याच रेकॉर्डिंगमध्ये येते. मग शेतकऱ्यावर काडीचा संशय नसला तरी.

पाळत हवी, पण कशासाठी?

पाळत मुळातच नको, असे म्हणता येणार नाही. २००२ साली घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, २००३ साली मुलुंडला लोकलमध्ये झाला. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत साखळी स्फोट झाले, त्यात बोरिवलीही होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी आणि त्यांचे सीमेपलीकडचे सूत्रधार यांच्यातले बोलणे तपास यंत्रणांनी ऐकले आणि ते पुढे पुराव्यात आले. अशा वेळी फोन ऐकू नये, असे कोण म्हणेल?

प्रश्न आहे तो याच कारणाखाली भलताच फोन ऐकण्याचा. इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्यातही दोनच प्रसंग सांगितले होते : सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या अर्जावर निकाल देताना सांगितले, की फोनवरचे बोलणे हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे. ते ऐकायचे तर लेखी आदेश, मुदत आणि नंतरची तपासणी हवी. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला.

आता जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. त्याचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये निघाले. एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त ६० दिवस. ती वाढवता येते, पण एकूण १८० दिवसांच्या पुढे नाही. प्रत्येक आदेश आढावा समितीपुढे जावा लागतो. राज्यात या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात, सोबत विधी खात्याचे आणि आणखी एका खात्याचे सचिव. म्हणजे आदेश काढणारे अधिकारीच आणि तपासणारेही अधिकारीच. न्यायाधीश कुठेच नाही.

मुंबईचा निकाल

हे कागदावरचे नियम प्रत्यक्षात कसे पाळले जातात, ते मुंबईच्या एका प्रकरणातून कळते. एका व्यावसायिकाने सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला कर्जाच्या कामासाठी दहा लाखांची लाच दिल्याचा आरोप सीबीआयने ठेवला. त्यासाठी २००९ आणि २०१० मध्ये केंद्रीय गृह खात्याने तीन आदेश काढून त्याचा फोन ऐकला होता. तो उच्च न्यायालयात गेला. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जामदार यांच्या खंडपीठाने तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितले. लाच हा गुन्हा खराच, पण त्यामुळे सगळ्या जनतेच्या सुरक्षेला धोका झाला असे होत नाही, आदेशात नुसते ‘सार्वजनिक सुरक्षा’ हे शब्द लिहून भागत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

तरी वाद मिटलेला नाही. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने याच धर्तीवर निकाल दिला, तर दिल्ली उच्च न्यायालयाने मोठा भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षेच्या व्याख्येत बसू शकतो, असे म्हटले.

या व्यावसायिकाला आपला फोन ऐकला हे कळले, कारण त्याच्यावर खटला झाला. ज्यांच्यावर खटलाच होत नाही, त्यांना कसे कळणार? २०२१ साली नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला, की आपला फोन दुसऱ्याच नावाखाली ऐकला गेला. गुन्हे दाखल झाले. पुढे सरकार बदलले, खटल्याला परवानगी मिळाली नाही आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते गुन्हे रद्द केले. आरोप सिद्ध झाला नाही. पण आमदाराला जे कळायला इतकी वर्षे लागली, ते साध्या शेतकऱ्याला कधी कळायचे?

गोळा झालेली माहिती सरकारच्याच कपाटात राहते असेही नाही. लोकांच्या कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून ठाणे पोलिसांनी २०१८ साली काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

गावात काय करावे?

पोलीस पाटलांनी गावची खबर ठेवावी, हे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यातच आहे. पण खबर ठेवणे वेगळे आणि कुणाचा मोबाईल हातात घेऊन त्यातले निरोप वाचणे वेगळे. तो अधिकार त्यांना नाही. ग्रामपंचायतीने चौकात कॅमेरे बसवले असतील, तर चित्रण कुणाच्या ताब्यात राहील, किती दिवस राहील आणि कुणाला दाखवायचे, याचा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. सरपंचाच्या घरी टीव्हीवर अख्ख्या गावाची ये-जा दिसत राहावी, यासाठी ते कॅमेरे नाहीत.

पोलिसांनी तपासासाठी मोबाईल घेतला तर पंचनामा आणि पावती मागावी. कुणावर खटला झाला आणि त्यात फोनचे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून आले, तर वकिलामार्फत तीन गोष्टी विचाराव्यात : आदेश कुणी काढला, कारण काय लिहिले आणि आढावा समितीने तो तपासला का? उत्तर मिळाले नाही, तर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे.

आमदार-खासदार मते मागायला गावात येतात, तेव्हा रस्ता, वीज, पाणी विचारतोच. त्यासोबत एवढेही विचारावे : आढावा समितीत एक तरी न्यायाधीश का नको? आणि मुदत संपली, संशय फिटला, तर ज्याचा फोन ऐकला त्याला मागाहून तरी का कळवू नये? फेरफाराची नोटीस लावायला सरकारला जमते, मग हेही जमायला हरकत नाही.