सरत्यावरची मूठ

परभणीच्या सपाट काळ्या रानातून उत्तरेला जिंतूरकडे निघाले की माती उथळ होत जाते, मुरूम वर येतो. या डोंगरपट्ट्यात आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत. अशाच एका वस्तीवर मृगाचा पाऊस होऊन गेला होता. म्हाताऱ्या मावशींनी माती मुठीत दाबून सोडली. हाताला न चिकटता ती फुटली, तेव्हा कुठे बैल जुंपले गेले.

चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ त्यांच्या मुलाची, ज्वारीची. तिफणीमागे दोरीने बांधलेली बांबूची पोकळ नळी म्हणजे सरते. ते धरून मावशी चालत होत्या. सरते ज्या फणामागे, त्याचे चाड्यातले भोक चिंधीने बुजवलेले. त्या तासात ज्वारी पडत नाही, ओटीतले बी पडते. ओटीत तूर, तिच्यात थोडी चवळी आणि अंबाडी.

कौतुक होते ते चाड्यावरच्या मुठीचे. मला अवघड वाटली ती सरत्यावरची. तूर विरळ पडायला हवी, बैल तर आपल्या चालीने जाणार. दगडाला फण अडखळला की नळी उडते; त्या क्षणी मूठ बंद व्हावी लागते. सून शिकत होती. "नळीकडं बघू नगं. पाऊल पडलं की दाणा सोड," मावशी म्हणाल्या. तासातले अंतर पायाने मोजायचे, हे मला कुठल्या पुस्तकात सापडले नव्हते.

ज्वारी दिवाळीच्या सुमारास निघते, तूर पौषापर्यंत उभी राहते. मध्ये पाऊस ताणला तर खोल मुळाची तूर तगते. अंबाडीच्या पाल्याची भाजी, वाखाचे दोर.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर २०१८ मध्ये लोह-जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी आणली. तरी शेजारच्या रानांत सोयाबीनच. परतीच्या पावसात खरीप ज्वारीची कणसे काळी पडतात, उरलेल्यावर रोही आणि रानडुकरे ताव मारतात. सोयाबीनचा पैसा दिवाळीला हातात येतो. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रामागे सरते घेऊन कोण धावणार? बाईची कंबर वाचते, हेही खरेच. पण घरच्या वरणात काय शिजायचे, हे ठरवणारी तिची मूठही पेरणीतून जाते.

उगवण झाली की कुठला तास कुणाच्या हातचा, ते अख्ख्या वस्तीला दिसते. सुनेचे तास कुठे दाट, कुठे रिकामे निघाले. मावशी काही बोलल्या नाहीत. ओंजळभर तूर भिजत घालून तिला नांग्या भरायला पाठवले.