पहाटे पळायला जायचे, पण उठवत नाही!

थंडीचे दिवस सुरू झाले की आपल्याकडे व्यायामाच्या संकल्पांना बहर येतो. बाजारात नवे बूट घेतले जातात, घड्याळाला पाचचा गजर लावला जातो आणि पहिले तीन-चार दिवस आमराईत किंवा कृष्णाकाठी नवे चेहरे दिसतात. पाचव्या दिवशी गजर वाजतो, हात पांघरुणाबाहेर येतो, गजर बंद होतो आणि संकल्प पुढच्या सोमवारवर जातो. मग माणूस स्वतःलाच आळशी ठरवून मोकळा होतो. बहुतेक वेळा हा आळस नसतो. शरीर पहाटे कसे वागते हे माहीत नसल्यामुळे ही फसगत होते.

पहाटे शरीर का ऐकत नाही?

आपल्या नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते. रोज सातला उठणाऱ्याने एकदम पाचचा गजर लावला, तर तो नेमका शरीराच्या सर्वांत मंद वेळेला वाजतो. शिवाय झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच पूर्ण जागा होत नाही. पंधरा मिनिटे ते अर्धा तास गुंगी राहते. या काळात विचारशक्ती कमी असते आणि 'आज राहू दे' हा निर्णय फार सोपा वाटतो. त्यामुळे अंथरुणात पडल्या पडल्या 'जावे की न जावे' याचा विचारच करू नये. तो खटला आपण हरणारच.

यावर उपाय दोन. उठण्याची वेळ एकदम न बदलता दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. आणि उठल्याबरोबर दिवा लावावा, तोंडावर गार पाणी मारावे. उजेडाने झोप आणणारे संप्रेरक कमी होते आणि गुंगी लवकर उतरते.

पहाटेची सुरुवात आदल्या रात्री

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. बारापर्यंत दूरदर्शन संच किंवा मोबाईल पाहून पाचला उठणारा माणूस आठवडाभर पळेल, मग आजारी पडेल. पाचला उठायचे तर दहापर्यंत अंथरुणावर पाठ टेकलीच पाहिजे. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन तास उरकावे आणि संध्याकाळनंतरचा चहा टाळावा. कपडे, मोजे, बूट, दाराची किल्ली हे सारे रात्रीच एका जागी काढून ठेवावे. गजराचे घड्याळ उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे, म्हणजे ते बंद करण्यासाठी तरी पाय जमिनीला लागतात.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिले आहे की नुसत्या 'मी व्यायाम करीन' या संकल्पापेक्षा वेळ, जागा आणि कृती ठरवलेला संकल्प अधिक वेळा पार पडतो. 'गजर वाजला की मी बूट घालणार आणि सव्वापाचला कोपऱ्यावर उभा राहणार', असा तो हवा. यात निर्णय आधीच झालेला असतो. पहाटे फक्त अंमल उरतो.

एकटे उठू नये

आपला भाग मल्लांचा. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती माने यांचे नाव इथल्या घराघरांत आहे. तालमीत राहणारा पोरगा पहाटे अंधारात जोर-बैठका मारायला उठतो, तो काही जन्मतः वेगळा नसतो. शेजारचे चार जण उठलेले असतात आणि वस्तादांची नजर असते, म्हणून तो उठतो. हेच तत्त्व आपणही वापरावे. गल्लीतला एक सोबती ठरवावा. कोपऱ्यावर कोणी आपली वाट पाहत उभे आहे, ही जाणीव कोणत्याही गजरापेक्षा मोठी असते.

समोर एखादा मुक्काम असला तरी पाय हलतात. साताऱ्यात 2012 पासून यवतेश्वर घाटातून 21 किलोमीटरची हिल मॅरेथॉन भरते. या स्पर्धेच्या निमित्ताने साताऱ्यातील कितीतरी नोकरदार, व्यापारी आणि गृहिणी पहाटे घाट चढू लागल्या. माण तालुक्यातील मोही या गावची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. 1984 मध्ये पी. टी. उषाने जी पायरी गाठली, तिथे पोचणारी त्यानंतरची ती पहिली भारतीय महिला धावपटू. आपल्याला ऑलिंपिक गाठायचे नाही. पण दुष्काळी माणच्या वाटांवरून इतके लांब जाता येते, तर घरापासून नदीपर्यंत जायला हरकत नसावी.

पहिली चूक : जोरात पळणे

भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे रस्त्याने सुसाट पळताना दिसतात. त्यांना सोळाशे मीटर वेळेत पुरे करायचे असते. चाळिशीच्या माणसाने त्यांच्यामागे पळू नये. पहिल्याच दिवशी धाप लागली, दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या भरून आल्या, की तिसऱ्या दिवशी मन आपोआप नकार देते. उत्साह मावळण्याचे हे मोठे कारण आहे.

पहिले दोन आठवडे फक्त भरभर चालावे, रोज अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट हळू पळणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ-दहा वेळा करावे. दर आठवड्याला पळण्याचा वेळ थोडा वाढवावा. दोन-अडीच महिन्यांत बरेच जण सलग वीस मिनिटे हळू पळू शकतात. वेग ओळखण्याची खूण सोपी आहे : पळता पळता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग कमी करावा. आठवड्यातून चार-पाच दिवस पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम किंवा पंचाहत्तर मिनिटे जोमदार व्यायाम हवा.

परत येताना मात्र भान ठेवावे. अर्ध्या तासाच्या हळू पळण्यात सत्तर किलोच्या माणसाच्या जेमतेम अडीचशे कॅलरी खर्च होतात. वाटेत भजीची एक प्लेट घेतली की हिशेब फिटला!

एक दिवस चुकला तर?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात, असे त्यात दिसले. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे पंधरा दिवसांत सवय लागली नाही, तर आपल्यात काही कमी आहे असे नव्हे. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात आढळले. लग्नकार्य, जत्रा, पाऊस यांत खंड पडणारच. एक दिवस चुकला तर चालेल, सलग दोन दिवस चुकू नयेत, एवढा नियम ठेवावा.

घरातील बाईची पहाट

'बायकांना उत्साहच नसतो,' असे म्हणणाऱ्यांनी घरातली पहाट नीट पाहावी. नळाला पाणी येण्याची वेळ, दूध तापवणे, मुलांचे डबे, सासऱ्यांचा चहा हे सारे त्याच तासात असते. तिला गजराची गरज नाही, ती आधीच उठलेली असते. तिला अर्धा तास हवा असतो. पाणी नवऱ्याने भरले आणि भाजी मुलीने किंवा मुलाने रात्रीच चिरून ठेवली, तर तो मिळतो. तेही जमत नसेल तर संध्याकाळी जावे. पहाटेच्या व्यायामाला काही वेगळे पुण्य लागत नाही. जी वेळ रोज मिळते ती उत्तम.

जपून

पहाट प्रसन्न असली तरी काही धोके आहेत. हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळी अधिक येतात, हे सिद्ध झालेले आहे. म्हणून अंथरुणातून उठून थेट पळू नये. दहा मिनिटे चालून अंग गरम करावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पळू नये. खिशात साखर किंवा गोळ्या-चॉकलेट ठेवावे. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घेरी, वाजवीपेक्षा जास्त धाप यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबावे आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. 'पित्त असेल' म्हणून घरी जाऊन पडू नये.

दुसरा धोका रस्त्याचा. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पाचला गडद अंधार असतो. हाच गळिताचा हंगाम. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि अनेकींना मागे दिवा नसतो. म्हणून हमरस्ता सोडून मैदान, बाग किंवा नदीकाठ धरावा. रस्त्यानेच जायचे तर पांढरा सदरा घालावा, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने पळावे आणि कानात गाणी लावू नयेत. हिवाळ्यात तासभर उशिरा निघाले तरी बिघडत नाही. उन्हाळ्यात मात्र ऊन चढण्याआधी परतावे, कारण मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारासच वर येतो.

आज रात्रीच सुरुवात करता येईल. बूट दाराशी काढून ठेवा, सोबत्याला निरोप द्या आणि दहाला दिवा मालवा. उद्या पहाटे किती पळायचे याचा विचार नको. फक्त बूट घालून उंबऱ्याबाहेर दहा मिनिटे चालायचे, एवढेच ठरवा. उंबरा ओलांडला की पुढचे काम पाय करतात.