जिवंत प्रेतांचे चित्रपट आणि त्यांची पुनर्निर्मिती

जॉर्ज ए. रोमेरो (१९४०–२०१७) या अमेरिकन दिग्दर्शकाचे ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८), ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) आणि ‘डे ऑफ द डेड’ (१९८५) हे तीन चित्रपट झोंबीपटांच्या परंपरेत मूलग्रंथांच्या स्थानी मानले जातात. या तिन्हींची पुनर्निर्मिती झाली. पहिल्या व तिसऱ्या चित्रपटाची तर एकाहून अधिक वेळा. नव्या निर्मात्यांपाशी द्रव्य अधिक होते, रंगभूषेची व छायाचित्रणाची साधने अधिक प्रगत होती, आणि मूळ कथानक तर हाताशी तयारच होते. तथापि ज्या रसिकांनी मूळ कृतींवर प्रेम केले त्यांचे समाधान या नव्या चित्रपटांनी बहुधा झाले नाही. जुन्याविषयीचा मोह हे या असमाधानाचे कारण म्हणून नेहमी पुढे केले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु एवढ्यावर थांबल्यास मूळ चित्रपटांत नेमके काय होते आणि नव्यांत नेमके काय हरवले, हा खरा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

प्रथम झोंबी या कल्पनेचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. आपल्याकडील भूत ही देहावाचून उरलेली वासना होय. वेताळ प्रेतात वास करतो, पण तो बुद्धिमान व वाचाळ असतो. झोंबी या दोहोंहून निराळा. तो मनावाचून उरलेला देह आहे. हैतीतील लोकसमजुतीतून ही कल्पना अमेरिकेत आली, आणि ‘व्हाइट झोंबी’ (१९३२) या चित्रपटात ती मांत्रिकाच्या हुकुमाने राबणाऱ्या गुलामाच्या रूपाने दिसते. रोमेरोने मांत्रिक काढून टाकला. त्याची प्रेते कोणाच्याही आज्ञेत नाहीत. ती केवळ उठतात, चालतात आणि जिवंतांचे मांस खातात. रिचर्ड मॅथेसन याच्या ‘आय ॲम लेजंड’ (१९५४) या कादंबरीपासून आपल्याला प्रेरणा मिळाल्याचे रोमेरो मोकळेपणाने सांगत असे. १९६८ च्या चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हा पहिला चित्रपट पिट्सबर्ग शहराच्या परिसरात सुमारे १,१४,००० डॉलरांत, कृष्णधवल फितीवर तयार झाला. त्याचे कथानक एका रात्रीत व जवळजवळ एकाच घरात घडते. शेतावरील त्या घरात सात माणसे अडकतात. बाहेर प्रेतांचा जमाव हळूहळू वाढत जातो. आत वाद सुरू होतो : तळघरात दडावे की वरच्या मजल्यावर राहून दारेखिडक्या ठोकून घ्याव्यात? हॅरी कूपर हा चिडखोर व आपमतलबी गृहस्थ तळघराच्या बाजूचा, तर बेन हा धीराचा नायक त्याच्या विरुद्ध. प्रेक्षकाची सहानुभूती अर्थातच बेनकडे जाते. परंतु शेवटी सर्व मेल्यावर बेन जगतो तो त्याच तळघरात शिरून. कूपर दुष्ट होता, पण त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, ही गोष्ट चित्रपट कोठेही मोठ्याने सांगत नाही. प्रेक्षकाच्या ती उशिरा लक्षात येते, आणि लक्षात आल्यावर सुटत नाही.

येथे प्रेतांच्या मंद चालीचा विचार करावा लागतो. एकटे प्रेत धोकादायक नाही. त्याला वळसा घालून जाता येते. धोका आहे तो त्यांच्या संख्येत आणि सरणाऱ्या वेळात. त्या मंदपणामुळे आतल्या माणसांना विचार करण्यास, भांडण्यास, तडजोड करण्यास पुरेसा अवकाश मिळतो, आणि तो अवकाश ती वाया घालवतात. म्हणून या चित्रपटातील मरणे ही केवळ आपत्ती राहत नाहीत. त्यांची जबाबदारी कोणावर तरी येते. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथील भयानक रसाला करुणाची साथ आहे. बीभत्स रसही आहेच, पण तो चाकराच्या जागी.

सकाळी शस्त्रधारी नागरिकांचे पथक येते, खिडकीतील बेनला प्रेत समजून गोळी घालते आणि त्याचा देह इतर प्रेतांबरोबर जाळण्यासाठी ओढून नेते. हा शेवट दाणेदार स्थिर छायाचित्रांतून दाखविला आहे. बेनची भूमिका करणारा ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय होता; पटकथेत मात्र त्या पात्राचा वर्ण सांगितलेला नव्हता, आणि जोन्सची निवड त्याच्या चाचणीच्या गुणवत्तेवर झाली असे रोमेरो सांगे. चित्रपट १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्ग येथे प्रथम दाखविला गेला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी झाली होती. त्या वर्षीच्या प्रेक्षकाने ती छायाचित्रे पाहताना वृत्तपत्रांतील कोणती छायाचित्रे आठवली असतील, हे सांगावयास नको. म्हणजे या शेवटाचा पुष्कळसा अर्थ पटकथेतून नव्हे, तर निवडीच्या योगायोगातून व काळाच्या रेट्यातून आला. पुनर्निर्मितीची पहिली अडचण येथेच उभी राहते : योगायोगाची पुनरावृत्ती ठरवून करता येत नाही.

१९९० ची पुनर्निर्मिती या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे, कारण तिच्यावर परकेपणाचा आरोप करता येत नाही. पटकथा स्वतः रोमेरोची. दिग्दर्शक टॉम सॅव्हिनी हा ‘डॉन’ व ‘डे’ या दोन चित्रपटांचा रंगभूषाकार. बेनच्या भूमिकेत टोनी टॉड या समर्थ कृष्णवर्णीय नटाची योजना होती. पण १९६८ मध्ये जे सहज घडले ते आता अपेक्षित संकेत बनले होते. चित्रपटाला हे ठाऊक आहे, आणि जाणत्या प्रेक्षकाशी तो खेळ करतो. आरंभीच्या स्मशानभूमीच्या प्रसंगात झोकांड्या खात येणारा पहिला माणूस प्रेत नसून एक साधा वृद्ध निघतो, आणि प्रेक्षक सैलावला की खरे प्रेत झडप घालते. युक्ती चतुर आहे. पण ती ज्याने मूळ चित्रपट पाहिला आहे त्याच्यासाठीच आहे, आणि त्याला ती भीती देत नाही, ओळख पटल्याचे समाधान देते.

याहून मोठा बदल बार्बरा या पात्रात झाला. मूळ चित्रपटात ती धक्क्याने जवळजवळ मूक होते. नव्या चित्रपटात ती बंदूक हाती घेते आणि ही प्रेते इतकी मंद आहेत की त्यांच्या शेजारून सरळ चालत निघून जाता येईल, असे स्पष्ट बोलून दाखवते. पुढे ती तसे करूनही दाखवते. स्त्रीपात्राला मिळालेले हे बळ स्वागतार्हच होते, आणि अलीकडे या चित्रपटाविषयीचे मत पूर्वीपेक्षा अनुकूल झाले आहे ते बऱ्याच अंशी याच बळामुळे. परंतु तिच्या त्या एका वाक्याने घराच्या वेढ्याचे सारे प्रयोजनच संपते. मूळ चित्रपटात निघून जाता येण्याजोगे असूनही माणसे जाऊ शकत नाहीत, हेच तर भयाचे मूळ होते. ते बोलून दाखविल्यावर उरतो तो एक सोडविता येण्याजोगा प्रश्न. शेवटी बार्बरा जिवंत उरलेल्या कूपरला स्वतः गोळी घालते. १९६८ मध्ये अन्याय कोणाच्याही हेतूवाचून घडला होता. येथे न्याय हेतुपुरस्सर होतो, आणि प्रेक्षक हलक्या मनाने बाहेर पडतो.

दुसऱ्या चित्रपटाच्या बाबतीत बदल उलट दिशेने झाला. १९७८ चा ‘डॉन ऑफ द डेड’ पिट्सबर्गनजीकच्या मन्रोव्हिल मॉलमध्ये, बहुतांशी रात्री दुकाने बंद झाल्यावर चित्रित झाला. चार माणसे त्या मॉलचा ताबा घेतात, दारांशी मालमोटारी आडव्या लावतात, आतील प्रेतांचा नायनाट करतात आणि मग तेथे संसार थाटतात. फुकट मिळालेल्या वस्तूंच्या राशीत त्यांचे महिने जातात, आणि त्यांना कंटाळा येऊ लागतो. चित्रपटाचा हा मधला भाग संथ आहे, आणि तोच त्याचा प्राण आहे. प्रेते त्या मॉलकडे का येतात, याचे उत्तर एक पात्र देते : काहीशी आठवण, जुनी सवय, ही जागा त्यांच्या आयुष्यात महत्त्वाची होती. जिवंत माणसे तेथून का निघत नाहीत, या न विचारलेल्या प्रश्नाचेही तेच उत्तर आहे. या चित्रपटात रक्तमांसाची रेलचेल आहे. किंबहुना त्यातील चेहरे इतके निळसर व रक्त इतके भडक आहे की त्यास हास्याची छटा येते. तेव्हा नव्या चित्रपटांत बीभत्स वाढला म्हणून ते फसले, एवढे म्हणून भागत नाही.

झॅक स्नायडर याच्या २००४ च्या चित्रपटात प्रेते धावतात. मॉल राहिला, पण तो केवळ एक भक्कम आसरा म्हणून. पात्रांची संख्या वाढली आणि कंटाळ्याचे दिवस काही क्षणांच्या दृश्यमालिकेत उरकले गेले. निर्मितीस सुमारे २.६ कोटी डॉलर खर्च आला व जगभरातील उत्पन्न १० कोटींवर गेले, त्यामुळे सामान्य प्रेक्षकाने तो नाकारला असे म्हणता येणार नाही. त्याचा आरंभ तर विलक्षण परिणामकारक आहे, आणि रोमेरोनेही तो वाखाणला. पुढे मात्र चित्रपट आपले प्रयोजन गमावतो, असा त्याचा अभिप्राय होता. हा अभिप्राय पटण्याजोगा आहे. धावणारे प्रेत हे एक श्वापद होय. त्याच्यासमोर माणूस केवळ वेगवान किंवा मंद, सशस्त्र किंवा निःशस्त्र ठरतो. चांगला, भेकड, लोभी किंवा उदार ठरण्यास त्याला वेळच मिळत नाही.

जुन्याचा मोह हेच असमाधानाचे कारण असते, तर रसिकांनी सर्वच नवीन नाकारले असते. तसे झाले नाही. त्याच २००४ साली एडगर राइट याचा ‘शॉन ऑफ द डेड’ हा ब्रिटिश चित्रपट आला. त्याने रोमेरोचे कथानक घेतले नाही, लंडनमधील एका आळशी तरुणाचे घेतले, आणि वर विनोदाची जोड दिली. पण प्रेते मंदच ठेवली आणि माणसांना चुका करण्यास पुरेसा वेळ दिला. रसिकांनी तो डोक्यावर घेतला, आणि रोमेरोने आपल्या ‘लँड ऑफ द डेड’ (२००५) मध्ये राइट व नट-लेखक सायमन पेग या दोघांना प्रेतांच्या लहानशा भूमिका दिल्या. उलट डॅनी बॉइलच्या ‘ट्वेंटीएट डेज लेटर’ (२००२) मध्ये रोगग्रस्त माणसे धावतात, तरीही तो रुचला. कारण त्याने जुने नाव घेऊन जुने वचन दिले नव्हते. मराठीत ‘झोंबिवली’ (२०२२) या चित्रपटाने डोंबिवलीची पार्श्वभूमी घेतली, तीही याच अर्थाने : प्रेते उसनी, भांडण गावचे.

‘डे ऑफ द डेड’च्या २००८ च्या पुनर्निर्मितीवर फार लिहिण्याचे कारण नाही. मूळ चित्रपटात बब नावाचे एक प्रेत शास्त्रज्ञाच्या शिकवणीने हळूहळू काही आठवू लागते, आणि आपल्या गुरूचे शव पाहून त्याला जो शोक होतो तो या तिन्ही चित्रपटांतील सर्वांत करुण क्षण आहे. नव्या चित्रपटातील प्रेत माणसांवर हल्ला करीत नाही, कारण तो जिवंतपणी शाकाहारी होता! मूळ कल्पनेचे बाह्यरूप उचलावे आणि कारण मागे ठेवावे, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

या पुनर्निर्मितींमागे एक व्यावहारिक कारणही आहे. १९६८ च्या चित्रपटाचे नाव प्रदर्शनापूर्वी बदलले, तेव्हा वितरकाकडून नव्या शीर्षकाबरोबर स्वामित्वहक्काची सूचना छापावयाची राहून गेली. तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार तो चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला, आणि पुढे कोणीही त्याच्या प्रती काढल्या, कोणीही त्याची नक्कल केली; २००६ ची त्रिमितीय आवृत्ती त्यांपैकीच एक. मूळ निर्मात्यांच्या हाती फारसे काही लागले नाही, आणि १९९० चा चित्रपट काढण्यामागे हे नुकसान भरून काढण्याचाही हेतू होता. १९९९ मध्ये सहलेखक जॉन रूसो याने, रोमेरोच्या सहभागावाचून, मूळ चित्रपटातच नवे प्रसंग व नवे संगीत घालून तिसाव्या वर्षाची आवृत्ती काढली. तिच्याविषयी रसिकांचा जो संताप उसळला तो कोणत्याही पुनर्निर्मितीच्या वाट्यास आला नव्हता. कारण नवा चित्रपट जुन्याच्या शेजारी उभा राहतो, ही आवृत्ती मात्र जुन्याच्या अंगात शिरली होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदपटात मूळ चित्रपटाचा समावेश झाला. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने फिल्म फाउंडेशनच्या साहाय्याने मूळ निगेटिव्हवरून त्याचे जीर्णोद्धारकार्य केले. रोमेरोचा त्यात सहभाग होता. २०१६ च्या नोव्हेंबरात, त्याच्या निधनाच्या आठ महिने आधी, ती स्वच्छ प्रत संग्रहालयात दाखविली गेली.