चार पक्ष, एक निशाणी : १९७७ची गोष्ट

निवडणूक आली की पारावर उमेदवाराची जात, भावकी आणि पैसा यांचा हिशोब सुरू होतो. पण लोकशाहीच आजारी पडली, तर विरोधकांनी प्रचार करायचा तरी कसा? याचं उत्तर आपल्याच देशानं १९७७ साली दिलं. जाणत्या मंडळींना ते दिवस आठवत असतील, नव्या पिढीनं ते समजून घ्यावेत.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. मिसा कायद्याखाली पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, लोकसभेची मुदत वाढवली गेली. अनेक राज्यांत शिक्षकांना आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना नसबंदीच्या 'केसेस' आणण्याचं उद्दिष्ट ठरवून दिलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८१ लाख शस्त्रक्रिया झाल्या.

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. १६ मार्चला मतदान सुरू व्हायचं होतं. हाती जेमतेम ५७ दिवस. पैसा नाही, आकाशवाणी सरकारची. मग विरोधकांनी केलं काय?

एकास एक लढत : संघटना काँग्रेस, जनसंघ, लोकदल आणि समाजवादी हे चार पक्ष जनता पक्ष म्हणून एकत्र आले. चार औतं चार दिशांना ओढली तर रान नांगरून होत नाही, हे त्यांना उमगलं होतं. महाराष्ट्रात त्यांनी शेकाप, मार्क्सवादी आणि रिपब्लिकन (खोब्रागडे गट) यांच्याशी जागा वाटून घेतल्या.

एकच निशाणी : नव्या पक्षाला स्वतःचं चिन्ह नव्हतं. म्हणून बहुतेक ठिकाणी लोकदलाचा, चक्रातला नांगरधारी शेतकरी घेतला. अक्षरओळख नसलेल्यालाही नांगर ओळखायला शिकवावं लागलं नाही.

एकच प्रश्न : लोकशाही की हुकूमशाही? आजारी जयप्रकाश नारायण हेच विचारत फिरले. २ फेब्रुवारीला खुद्द केंद्रीय कृषिमंत्री जगजीवनराम काँग्रेसबाहेर पडले. ६ फेब्रुवारीला दिल्लीत रामलीला मैदानावर सभा होती. त्याच वेळी दूरदर्शनने 'बॉबी' सिनेमा लावला, तरी मैदान भरलं. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांसारखे लेखक प्रचारसभांत बोलले.

निकाल लागला. काँग्रेसला देशात १५४ जागा, उत्तर प्रदेश आणि बिहारात एकही नाही. महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९ आणि शेकापला ५. सत्ता मतपेटीतून बदलली.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे. पेरणी एकत्र केली, राखण मात्र कुणी केली नाही. आपसातल्या भांडणांत १९७९ मध्ये सरकार पडलं आणि १९८० साली इंदिरा गांधी पुन्हा निवडून आल्या. एक काम मात्र टिकलं. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून तिथं 'सशस्त्र बंड' घातलं. त्यामुळे तशी आणीबाणी लावणं आज सोपं नाही.

कर्मचारी मित्रांनो, उद्दिष्टाचा कागद हाती आला तरी समोर माणूस उभा आहे, हे विसरू नका. आणि शेतकरी बंधूंनो, पक्ष कुठलाही निवडा, ती तुमची मर्जी. पण मतदार यादीत आपलं नाव आहे का, ते आजच बघून घ्या. १९७७ साली सामान्य माणसाकडे तेवढंच एक हत्यार उरलं होतं आणि ते पुरलं.