सनद मिळाली, पुढे काय?

तारापूर एमआयडीसीजवळच्या सरावलीतल्या तरुण वकिलाच्या हाती सनद आली की दोन वाटा दिसतात. खासगी वकिलीत आधी ज्येष्ठांच्या हाताखाली वकालतनामे भरायचे, तारखा सांभाळायच्या. पक्षकार जोडले जातील तशी कमाई वाढते. सरकारी वाटेवर एमपीएससीतून सहायक सरकारी अभियोक्ता किंवा न्यायाधीश होता येते. मात्र न्यायाधीशपदासाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली.

या दोन्हींना जोडणारी वाट विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलची. १९८७च्या कायद्यानुसार महिला, आदिवासी, औद्योगिक कामगार मोफत वकील मागू शकतात. तारापूर एमआयडीसीतला कामगार चुरगळलेली पगारपावती पुढे करतो, तेव्हा त्याला कायदा सोप्या भाषेत समजावणारा वकील जवळच हवा. साधारण तीन वर्षांच्या वकिलीनंतर ही वाट जरूर धरावी.